वसई-विरार: आधी इमारती, मग आराखडा

वसई तालुक्यातल्या हरित विभागातली हजारो हेक्टर जमीन राज्य शासनाने १९८८ साली बांधकामाला खुली केली. या भागाची विकास योजना मंजूर झाली ती २००७ साली. मधल्या १९ वर्षांत इथे एक अख्खं शहर उभं राहिलं.

उपनगरांच्या दुर्दशेवर बोलताना आपण चटकन ‘नियोजनच नव्हतं’ असं म्हणून मोकळे होतो. वसई-विरारच्या बाबतीत ते खरं नाही. इथे मुंबई महानगर प्रदेशाची प्रादेशिक योजना होती, १९६६ चा नगररचना कायदा होता, १९९० पासून सिडकोसारखी, शहरं वसवण्याचा अनुभव असलेली सरकारी संस्था नियोजनाला होती. चुकला तो क्रम. जमीन आधी खुली झाली. पाणी, गटार, रस्ते आणि रेल्वेचे जादा रूळ मागाहून आले, काही अजून यायचेच आहेत. शिवाय ज्या जमिनीवर आराखडा काढला जात होता तिचा ताबा नियोजन करणाऱ्याच्या हातात कधीच नव्हता. माझ्या मते उपनगर नियोजनाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण याच दोन गोष्टींसाठी तपासायला हवं.

जमीन कशी आहे

दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. या चौकटीत तीन वेगवेगळ्या जमिनी शेजारी शेजारी नांदतात.

समुद्राकडचा पट्टा अर्नाळा, आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, सांडोर असा वसई किल्ल्यापर्यंत उतरतो. जमीन रेताड, पण विहिरींना गोडं पाणी. इथल्या वाड्यांमधली केळी, पानवेली, फुलं आणि भाजी पिढ्यान् पिढ्या रेल्वेने मुंबईला जात आली. आगाशीची सुकेळी अजूनही लोक मुद्दाम मागवून घेतात. मधला पट्टा सखल आहे: मिठागरं, खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, भरतीचं पाणी आत घेणाऱ्या खाड्या. पावसाळ्यात डोंगरावरून येणारं पाणी इथेच पसरायचं आणि ओहोटीला हळूहळू समुद्रात उतरायचं. तिसरा पट्टा पूर्वेचा. गोखिवरे, वालीव, पेल्हार, आचोळे, तुळिंज ही गावं, आदिवासी पाडे, भातशेती आणि डोंगरउतार.

रेल्वे यातल्या मधल्या पट्ट्यातून, भराव टाकून, दक्षिणोत्तर गेली आहे. पाणी वाहतं पूर्वेकडून पश्चिमेकडे. रुळांखालच्या मोऱ्या हाच त्याचा रस्ता. नकाशावर ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुढे तिची फार मोठी किंमत मोजावी लागली.

गाडी होती, उपनगर नव्हतं

विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल १८६७ च्या एप्रिलमध्ये धावली. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. तरीही पुढची चार-पाच दशकं हा भाग गावांचाच राहिला. रेल्वे आली की उपनगर आपोआप वाढतं, हा समज वसईने खोटा ठरवलेला आहे. रेल्वेबरोबर आणखी दोन गोष्टी लागतात: शहराच्या आत घर न परवडणारी माणसं आणि बाहेर बांधायला मोकळी झालेली जमीन.

माणसं १९८० च्या दशकात आली. बोरिवलीपर्यंतची उपनगरं भरत आली होती, पाठोपाठ मीरा-भाईंदर भरू लागलं. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या असंख्य घरांचा कणा मोडला. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली भावंडांत वाटली जायची, वाट्याला आलेल्या पैशांतून कुणीतरी विरारला वन रूम किचन घ्यायचं. दक्षिण-मध्य मुंबईतल्या मराठी कुटुंबांत विरार-नालासोपाऱ्याला एखादा काका, मावशी नाही असं घर विरळाच. त्या पिढीला स्वतःच्या दाराला स्वतःचा संडास हवा होता. ही मागणी शंभर टक्के न्याय्य होती, आणि या प्रकरणातला दोष त्या लोकांच्या माथी मारणारं कुठलंही विवेचन मला मान्य नाही.

१९७३ साली मंजूर झालेल्या प्रादेशिक योजनेत वसई तालुक्याचा बराचसा भाग हरित विभागात होता. महानगराची वाढ खाडीपलीकडे नव्या मुंबईत न्यायची, अशी त्या योजनेची दिशा होती. ती पंधरा वर्षं टिकली. १९८८ च्या निर्णयाने बांधकामाला दार उघडलं, १९९० मध्ये सिडकोला सुमारे ३८० चौरस किलोमीटरच्या वसई-विरार उपप्रदेशासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं.

तीच सिडको, दोन वेगळ्या गोष्टी

इथे जरा थांबायला हवं, कारण अशी तुलना करायची संधी फार क्वचित मिळते.

सिडकोने नवी मुंबई जवळपास ३४४ चौरस किलोमीटरवर वसवली. वसई-विरार उपप्रदेश त्याहून थोडासा मोठा. राज्य एक, कायदा एक, महानगर एक, संस्थाही एकच. मग वाशी-नेरुळ आणि नालासोपारा यांच्यात एवढं अंतर कसं पडलं?

नव्या मुंबईत शासनाने ९५ गावांची जमीन सिडकोच्या ताब्यात दिली. सिडको तिथे मालक होती. जमीन समतल करायची, रस्ते, गटारं, पाण्याच्या वाहिन्या घालायच्या, मग भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढचा नोड, म्हणजे पुढचं उपशहर, उभारायचा, असं ते चक्र चाललं. मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ साली सुरू झाली, तिच्या खर्चाचा मोठा वाटा, दोन तृतीयांश, सिडकोने उचलला. जमिनीची वाढलेली किंमत संस्थेच्या तिजोरीत येत होती म्हणूनच तिला रेल्वे परवडली.

वसई-विरारमध्ये सिडकोकडे जमीन नव्हती. जमीन शेतकऱ्यांची, मिठागरवाल्यांची, देवस्थानांची, वनखात्याची, सरकारची आणि हळूहळू बिल्डरांची. सिडकोचं काम होतं आराखडा बनवणं आणि बांधकाम परवानग्या देणं. उत्पन्न म्हणाल तर विकास शुल्क. शेताचं रहिवासी विभागात रूपांतर झाल्यावर जो प्रचंड नफा तयार झाला, तो जमीन आधीच गोळा करून बसलेल्यांच्या खिशात गेला. त्यातून धरण बांधलं गेलं नाही, मलवाहिनी टाकली गेली नाही, रूळ वाढले नाहीत.

म्हणून नवी मुंबईचा मार्ग निर्दोष होता का? मुळीच नाही. तिथल्या भूमिपुत्रांनी कवडीमोलाने जमिनी गमावल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातूनच विकसित भूखंडाचा साडेबारा टक्के हिस्सा परत देण्याची योजना पुढे आली. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या शेतकऱ्याने वाडी टिकवली, कारण ती संपादितच झाली नाही. सक्तीचं संपादन आणि मोकाट बाजार या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे नगररचना परियोजना: सगळ्यांच्या जमिनी एकत्र घ्यायच्या, रस्ते-मैदानांसाठी प्रत्येकाचा काही हिस्सा कापायचा, उरलेला नीट आकाराचा भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा. महाराष्ट्राच्या कायद्यात ही तरतूद आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या पश्चिम उपनगरांतले काही भाग असेच आखले गेले. वसईला हा मार्ग १९८८ च्या आधी, जमीन स्वस्त असताना, वापरला असता तर आजचं चित्र पुष्कळ निराळं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

पाण्याचा हिशेब

पश्चिम पट्ट्यातल्या बावखलाकडे नीट पाहिलं तर तिथल्या लोकांना जमिनीची किती जाण होती ते कळतं. वाडीच्या कडेला किंवा दोन वाड्यांच्या मधल्या सखल जागी खणलेलं हे उथळ तळं. काठावर माड, पाण्यात मासे, एका बाजूला उतरायला जागा. पावसाचं पाणी त्यात साठतं, रेतीतून खाली झिरपतं आणि शेजारच्या विहिरीला पोचतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहीर गोडी राहते, कारण वरून उतरणारं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्याला दाबून धरतं. उपसा वाढला किंवा बावखल बुजलं की हा तोल बिघडतो, खारं पाणी वर चढतं आणि केळीची पानं कडेने करपू लागतात.

१९९० च्या दशकात दोन्ही गोष्टी एकदम घडल्या. पूर्वेला इमारती उठत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. मग पश्चिमेच्या विहिरींवर पंप बसले, टँकरच्या रांगा लागल्या. विहीरमालकाला रोख पैसा, टँकरवाल्याला धंदा, बिल्डरला ‘पाण्याची सोय आहे’ असं सांगायची सोय. शेजारच्या वाडीतली विहीर मात्र खारी होत चालली. टँकरविरोधात गावागावांत आंदोलनं झाली ती याच कारणाने. ज्या घराला नळाने पाणी देता येत नाही त्याला बांधकाम परवानगी का द्यावी, हा साधा प्रश्न तेव्हा विचारला गेला होता. त्याला उत्तर मिळालं नाही.

पुढे सूर्या धरणाचं पाणी आलं. उसगाव, पेल्हार आणि पापडखिंड ही लहान धरणं जमेस धरून शहराला रोज सुमारे २३० दशलक्ष लिटर पाणी मिळू लागलं, त्यातलं २०० सूर्याचं. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) ४०३ दशलक्ष लिटरच्या सूर्या प्रादेशिक योजनेतून वसई-विरारला १८५ आणि मीरा-भाईंदरला २१८ असा वाटा ठरला. वसई-विरारला त्यातलं पाणी २०२३ च्या अखेरीस सुरू झालं. म्हणजे जमीन खुली झाल्यापासून ३५ वर्षांनी. आणि हे पाणी मूळचं कुणाचं? सूर्या प्रकल्प उभा राहिला तो डहाणू, पालघर, विक्रमगड भागातल्या आदिवासी शेतीच्या सिंचनासाठी. शहराकडे पाणी वळवायला तिथल्या लोकांनी विरोध केला, तो रास्त होता. वसईत न सोडवलेला प्रश्न असा उत्तरेकडच्या दुबळ्या माणसाच्या शेतापर्यंत पोचला.

सांडपाण्याची गोष्ट तर याहून वाईट. नळातून आलेल्या पाण्याचा साधारण ८० टक्के भाग सांडपाणी होतो, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने २३० दशलक्ष लिटरमागे १८० च्या वर सांडपाणी. शहरात मलशुद्धीकरण केंद्र चालू आहे ते बोळिंजचं, क्षमता ३० दशलक्ष लिटर. उरलेलं नाल्यातून खाडीत जातं.

आचोळ्याच्या ४१ इमारती

मलशुद्धीकरणासाठी जागाच ठेवली नव्हती का? ठेवली होती. नालासोपारा पूर्वेला आचोळे इथे साठेक एकर जमिनीवर मलशुद्धीकरण केंद्र आणि कचराभूमीची आरक्षणं विकास योजनेत दाखवलेली होती. त्या जमिनीवर २०१० ते २०१२ च्या सुमारास ४१ इमारती उभ्या राहिल्या. बनावट कागदपत्रं, खोट्या परवानग्या, आणि त्या दाखवून विकलेली घरं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्या पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात तोडकाम सुरू झालं आणि २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत उरलेल्या इमारती पाडून संपल्या. सुमारे २,५०० कुटुंबं रस्त्यावर आली.

ही घटना टप्प्याटप्प्याने बघितली पाहिजे, कारण आरक्षण मरतं कसं ते इथे स्पष्ट दिसतं.

आराखड्यात भूखंडावर रंग भरला आणि आकडा टाकला म्हणून ती जागा सरकारची होत नाही. आरक्षण म्हणजे ‘ही जागा आम्ही पुढे घेणार आहोत, तोवर दुसरं काही करू नका’ एवढीच सूचना. जागा घ्यायला पैसे लागतात किंवा मालकाला टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करायचा हक्क, स्वीकारायला राजी करावं लागतं. २००९ साली नव्याने जन्मलेल्या पालिकेकडे ना पैसा, ना भूसंपादनाचा पुरेसा अधिकारीवर्ग. नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही ठरल्या मुदतीत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. ही झाली आरक्षण जाण्याची कायदेशीर वाट. आचोळ्याची वाट बेकायदेशीर. मोकळी जागा, कुंपण नाही, पहारेकरी नाही, ‘पालिकेची राखीव जागा’ असा फलकही नाही. भूमाफियांच्या दृष्टीने आरक्षित भूखंड म्हणजे तर सगळ्यात सोयीचा, कारण वैध बिल्डर तिकडे फिरकत नाही आणि मालक स्वतः काही बांधू शकत नाही.

एक मजला चढला तेव्हा थांबवणं सोपं होतं. कायद्याच्या कलम ५३ मध्ये नोटीस देऊन पाडायचा अधिकार आहे. पण नोटीस निघते, स्थगिती येते, तोवर चार मजले होतात, दिवे लागतात, माणसं राहायला येतात. त्यानंतर तो प्रश्न बांधकामाचा उरत नाही, संसारांचा होतो.

आणि घेणारा? त्याने काय तपासलं असेल याची कल्पना करणं अवघड नाही. करारनामा आहे, त्यावर मुद्रांक आहे, इमारतीला वीज मीटर आहे, घरपट्टीची पावती आहे. घरपट्टी भरली म्हणजे घर अधिकृत झालं असं साध्या माणसाला वाटतं, आणि त्याची ही समजूत दुरुस्त करण्यात कुणालाच रस नसतो. अनधिकृत इमारतीकडूनही कर घेता येतो, आणि कर घेतल्याने ती अधिकृत होत नाही, हे पावतीवर ठळक अक्षरांत छापलं तरी पुष्कळ घरं वाचतील. सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायचा परवाना, मागून पाहणारे थोडे, आणि सीसीच बनावट असेल तर पाहूनही उपयोग नाही.

ज्या इमारती पाडल्या जात नाहीत त्यांचं काय होतं, तेही विरारने पाहिलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर विरार पूर्वेच्या विजय नगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग मध्यरात्रीच्या सुमारास कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. इमारत अनधिकृत होती आणि जेमतेम बारा-तेरा वर्षं जुनी. ज्या बांधकामावर कुणा अभियंत्याची सही नाही, ज्याच्या पायाची तपासणी झाली नाही, त्याचं आयुष्य किती असणार?

पश्चिम पट्टा कसा वाचला

१९८८ च्या निर्णयानंतर पश्चिमेची गावं उठली. हरित वसई संरक्षण समिती स्थापन झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचं सर्वांत ठळक नाव. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते संपादक, पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ च्या जुलैमध्ये गेले. त्यांना धमक्या आल्या, जमिनीच्या व्यवहारांमागची गुंडगिरी त्या काळात उघड होती. तरी मोर्चे निघाले, हरकती गेल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या.

हा पट्टा अजून हिरवा आहे, वाड्या आणि बावखलं शिल्लक आहेत, ते या लोकांमुळे. पण केवळ आंदोलनाने वाचला असं म्हणणं अपुरं ठरेल. इथल्या घरांत शेतीबरोबर मुंबईतली नोकरीही होती, म्हणून वाडी विकायची घाई नव्हती. मालकी लहान लहान तुकड्यांत विखुरलेली, एकगठ्ठा जमीन मिळणं अवघड. चर्च, देवस्थान, ज्ञातिसंस्था, पतपेढ्या, वाचनालयं असं घट्ट विणलेलं समाजजीवन होतं. सामवेदी, वाडवळ, ख्रिस्ती, आगरी, कोळी असे निरनिराळे समाज या एका प्रश्नावर एकत्र आले. पूर्वेच्या आदिवासी पाड्यांकडे यातलं फारसं काही नव्हतं. हरित पट्टा वाचला आणि वाढीचा सगळा भार पूर्वेवर पडला. वसईच्या चळवळीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण अभ्यासकाने ही दुसरी बाजूही मांडलीच पाहिजे.

२०१६ साली एमएमआरडीएने नव्या प्रादेशिक योजनेचा मसुदा काढला तेव्हा वसईतून पुन्हा हजारो हरकती गेल्या. मराठीत मसुदा द्या, अशीही एक मागणी होती. इंग्रजीतला अहवाल आणि तांत्रिक नकाशे ज्याला वाचता येत नाहीत त्याच्याकडून मुदतीत हरकत मागणं हा लोकसहभाग नव्हे.

महापालिका आणि गावं

वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायतींची गावं मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली. गावांचा विरोध तीव्र होता. भीती दोन गोष्टींची: कर वाढेल आणि हरित पट्ट्याची सूत्रं शहरी नगरसेवकांच्या हाती जातील. २०११ मध्ये २९ गावं वगळायची अधिसूचना निघाली आणि प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षं अडकलं. महापालिका झाली तेव्हा लोकसंख्या कुठे पोचली होती? २००१ च्या जनगणनेत नालासोपाऱ्यातच पावणेदोन लाखांहून जास्त माणसं होती, आणि तिथे कारभार नगरपरिषदेचा. २०११ मध्ये महापालिका क्षेत्रात सव्वाबारा लाखांच्या आसपास. एवढं शहर वसलं, त्यानंतर त्याला महापालिका मिळाली.

रेल्वेचंही तेच. बोरिवली ते विरार चार रूळ झाले २००७ मध्ये. तोपर्यंत लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या दोनच रुळांवरून जात होत्या. विरार लोकलची गर्दी म्हणून जी सांगितली जाते ती लोकांच्या उर्मटपणातून आलेली नाही, दोन रुळांवर लाखोंचं शहर टाकल्यामुळे आलेली आहे. रस्त्याने मुंबईला जायचं तर अजूनही महामार्गाने घोडबंदरच्या पुलाचा वळसा. नायगाव आणि भाईंदर ही लागोपाठची स्थानकं, मध्ये खाडी, आणि थेट रस्त्याचा पूल अद्याप नाही. २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली, तेवढाच दिलासा.

जुलै २०१८

त्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वसई-विरार अनेक दिवस पाण्याखाली गेलं. लोकल बंद, वीज बंद, मिठागरांत शेकडो माणसं अडकली. वसईकर जुनी माणसं सांगतात की पाणी पूर्वीही भरायचं, पण ओहोटीबरोबर उतरायचं. या खेपेस ते उतरेचना. कारण भौगोलिक वर्णनात आलंच आहे. डोंगरावरून पाणी आलं, रेल्वेच्या भरावाशी अडलं, मोऱ्यांतून जेवढं जाईल तेवढं गेलं, आणि पलीकडे त्याला पसरायला जी खाजणं-मिठागरं होती त्यांवर भराव झाला होता. पुरानंतर आयआयटी मुंबई आणि नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था यांच्या तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमली गेली. पावसाचं पाणी भरतीच्या वेळी रोखून धरण्यासाठी धारण तलाव करा, अशी महत्त्वाची शिफारस पुढे आली.

धारण तलावाला जागा लागते. म्हणजे पुन्हा सखल जमीन आरक्षित करणं आणि ताब्यात घेणं आलं. जे काम मिठागरं फुकट करत होती तेच आता भूसंपादनाच्या दराने करायचं आहे.

आत्ताचा आराखडा

२००७ ला मंजूर झालेल्या योजनेची मुदत २०२१ पर्यंतची होती. ती उलटून गेली, नवी योजना व्हायची आहे. दरम्यान दबाव वाढतो आहे: बुलेट ट्रेनचं विरार स्थानक, विरार-अलिबाग मार्गिका, डहाणूजवळ वाढवण बंदर. यातला प्रत्येक प्रकल्प जमिनीचा भाव आजच वर नेतो आहे. १९८८ मध्ये जसं घडलं तसंच पुन्हा घडण्याची सगळी चिन्हं दिसतात, फरक एवढाच की या वेळी आपल्याला आधीचा अनुभव आहे.

नव्या योजनेच्या प्रारूपावर हरकती द्यायची वेळ येईल तेव्हा बहुतेक लोक आपल्या सर्व्हे नंबरवर कोणता रंग आहे ते शोधतील. ते स्वाभाविक आहे. माझी विनंती आहे की निदान काहींनी आणखी एक कागद मागावा: २००७ च्या योजनेतल्या प्रत्येक आरक्षणाची यादी, त्यापुढे जागा ताब्यात आली की नाही, आली असल्यास कोणत्या साली, आज तिथे काय उभं आहे, आणि कलम १२७ ची नोटीस आलेली आहे का. ही यादी नगररचना विभागाला सहज करता येण्यासारखी आहे आणि माहिती अधिकारात मागता येते. ती प्रभागवार, मराठीत, नकाशासह लावली जावी. शाळेच्या, दवाखान्याच्या, मलशुद्धीकरणाच्या जागांना निदान तारेचं कुंपण आणि फलक आधी लागावा आणि त्यानंतर नव्या आरक्षणांचे रंग भरले जावेत. दुसरी मागणी पूर्वेसाठी: ज्या भागात मलवाहिनी आणि नळाचं पाणी पोचण्याची तारीख आणि निधी दोन्ही ठरलेले नाहीत, तिथे चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्याची मर्यादा, वाढवू नये. आणि तिसरी, पश्चिम आणि सखल पट्ट्यातल्या उरलेल्या प्रत्येक बावखलाची, मिठागराची आणि खाजणाची मोजणी करून त्यांना पूरनियंत्रणाची जागा म्हणून योजनेत स्वतःचा क्रमांक मिळावा, कारण आज त्यातल्या बऱ्याच जागा सातबारावर नुसती पडीक म्हणून नोंदलेल्या असतात आणि पडीक जमिनीवर भराव टाकायला कुणी हरकत घेत नाही.